बत्तीस पानी पत्रक आणि भुरीची लेक

बाळांनो, शेपट्या आवरून बसा. एका जंगलात सगळा कारभार जिराफांचा होता. भाषाही जिराफांचीच, त्यांच्या मानेसारखी लांबलचक.

तिथं दूरच्या माळरानावरून काही शेळ्या राहायला आल्या. मोठ्या कष्टाळू. जिराफी भाषेतले त्यांना दोनच शब्द येत, 'हो' आणि 'आभार'. तेवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

त्या जंगलात माद्यांच्या गर्भाशयात एक वाईट गाठ होत असे. उपाय सोपा होता. शिंगं फुटण्याआधी पोरींना साळिंदरीकडून औषधाचा काटा टोचून घ्यायचा. मग ती गाठ सहसा होत नसे.

भुरी शेळीची थोरली बहीण त्याच गाठीनं गेली होती. भुरीची लेक ठिपकी आता झाडाला कपाळ घासू लागली होती. म्हणजे शिंगं फुटायला फार दिवस नव्हते.

जिराफांच्या जागृती समितीनं या काट्याविषयी पत्रक छापलं. बत्तीस पानी, गुळगुळीत, अर्थातच जिराफीत. अध्यक्ष लांबमाने साहेब स्वतः वाटायला आले.

माळरानाची रीत अशी, की पाहुण्यानं दिलेलं उरवायचं नाही. शेळ्यांनी पत्रकं तिथंच खाल्ली. भुरीनं तर दोन खाल्ली.

"समजलं ना?" साहेबांनी विचारलं.

"हो. आभार."

साहेबांनी अहवाल लिहिला. 'एकही पत्रक उरलं नाही. जागृती पूर्ण.'

साळिंदरी मात्र वाट बघून कंटाळली. कुणी फिरकेना. शेवटी शेळ्यांच्या हळदीकुंकवाला ती बोलावणं नसताना जाऊन धडकली. मोडक्यातोडक्या शेळीभाषेत भुरीला म्हणाली, "बहीण गेली ना तुझी? ती गाठ. पोरगी आण. मी टोचते. शिंगं आधी."

"टोचलं की पोरं होत नाहीत म्हणे!" शेळ्यांतली म्हातारी जनाआत्या फिसकारली.

"माझी पोरगी टोचलेली," साळिंदरी म्हणाली आणि बाजूला सरकली. मागे तिची लेक उभी होती. लेकीच्या मागे आठ नातवंडं.

भुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, एवढंच होतं? मग आधी का नाही कुणी सांगितलं?"

"सांगितलं की. बत्तीस पानं. तू खाल्लीस."

दुसऱ्याच दिवशी ठिपकीला काटा टोचला. तिनं सारं जंगल डोक्यावर घेतलं. तिच्यामागे शेळ्यांच्या पोरींची ही रांग लागली!

ती रांग पाहून समितीला उत्कृष्ट पत्रकाचा पुरस्कार मिळाला.

तात्पर्य: जागृतीची पत्रकं नेहमी चविष्ट कागदावर छापावीत. आणि साळिंदरीला सत्काराला बोलावू नये, तिचं व्याकरण कच्चं आहे.