गोठ्यातली अँबॅसिडर

वर्ध्याजवळच्या देवळी गावात किसनरावांच्या गोठ्यात दोन बैल आणि एक अँबॅसिडर राहत असे. बैल बदलत गेले, गाडी मात्र वडिलांची तीच होती. मूळचा मलईसारखा रंग टपावर उडाला होता, दारावर वडिलांचा कोपर टेकायचा तिथे पुसट झाला होता, आणि पुढच्या चाकांवरच्या फुगीर पत्र्यावर चक्क सोनेरी दिसत होता. "भंगारात द्या" म्हणून सांगून गाव थकलं, पण किसनराव काही बधले नाहीत.

म्हणूनच नागपूरचे मोतीलालजी गाडीपुढे हात जोडून उभे राहिले, तेव्हा किसनरावांना गहिवरून आलं. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवणारा हा माणूस त्या सोनेरी पत्र्यावरून नजर हटवेना.

"किसनरावजी, रंगवून चकाचक केलेल्या गाड्या माझ्याकडे ढीगभर येतात. कलप लावलेले म्हातारे सगळे! हा रंग बघा. असा रंग फक्त काळच देतो. परवा तुम्ही स्वतः चालवत आणा, सगळ्यात पुढे उभी करू. पण फडकंसुद्धा मारायचं नाही. एक ब्रश लागला की एन्ट्री कॅन्सल!"

बापाच्या गाडीतून नागपुरात शिरायचं, हे किसनरावांचं लहानपणापासूनचं स्वप्न. त्यांनी घरात फर्मान काढलं, "गाडीले कोनी हात लावाचा नाई!"

"अशी कळकट न्याल?" त्यांच्या पत्नी धुरपताबाई म्हणाल्या. "लोक म्हनतीन, घरात बाई हाये का नाई?"

दुसऱ्या दिवशी पोळा. किसनराव नवी बॅटरी आणायला सकाळीच वर्ध्याला गेले. दुपारी परतले, गोठ्यात डोकावले आणि बॅटरीसकट कडब्यावर बसले.

बैलांच्या अंगावर गेरूचे ठिपके होते. गाडीच्याही होते. बैलांच्या शिंगांना बेगड होती, गाडीच्या दिव्यांनाही होती. आरशांना लाल गोंडे, आणि दोन्ही दारांवर धुरपताबाईंचे पंजे.

"अवं, हे काय करून ठेवलं?"

"पोयाच्या दिवशी गोठ्यातल्या दोघायले सजवाचं अन् तिसरीले नाई? तिनं काय पाप केलं?"

पुसावं तर जुना रंग निघायची धास्ती, न पुसावं तर नागपूर गेलं. ओली चिंधी धरून किसनराव गाडीभोवती घिरट्या घालत होते, तोच अंगणात मोतीलालजी उतरले. पुलगावला जाता जाता सहज डोकावले होते. किसनरावांनी घाईघाईने बैलाची झूल बोनेटवर टाकली. झूल बैलाच्या मापाची होती.

मोतीलालजींनी ती उचलली.

"चुकलं, साहेब." किसनरावांना रडूच यायचं बाकी होतं.

"गेरू तर पाण्याने जाईल." मोतीलालजी खाली बसले, सोनेरी पत्र्यावर बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं. "पण हे तुपकट काय आहे?"

"लोनी-हयद," धुरपताबाई म्हणाल्या. "काल बैलायचे खांदे शेकले, त्यातलं उरलेलं. हिचेबी खांदेच ना ते! दर पोयाले लागते तिले. आंधी मामाजी, म्हंजे यायचे वडील, लावत, ते गेले तवापासून मी. हे बैल घेऊन पोयाच्या तोरनाले गेले का लावाचं, अन् हे घरी परत याच्या आंधी पुसून टाकाचं."

"दरवर्षी?" किसनराव आणि मोतीलालजी एकदमच म्हणाले.

मोतीलालजींनी आपलं पिवळं बोट पाहिलं, आणि मग ते असे हसत सुटले की बैलांनी माना वळवल्या.

"म्हणून इथे गंज नाही! आणि मी सगळ्या नागपूरला सांगत सुटलो, काळ, काळ!"

"मंग साहेब, एन्ट्री?" किसनरावांनी भीत भीत विचारलं.

"ब्रश कुठे लागलाय? रंग कंपनीचाच आहे. गेरू तेवढा हलक्या हाताने धुवा. आणि भाभीजी, थोडं लोणी मलाही द्या. माझ्या घरच्या गाडीचे खांदे फार दुखतात."

किसनरावांच्या जिवात जीव आला. पाहुणे लोण्याचा डबा घेऊन गेले, तसे किसनराव मोठ्या प्रेमाने उरलेली वाटी घेऊन गाडीशी बसले आणि पत्रा चोळू लागले.

"सरका तिकडं," धुरपताबाईंनी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली. "तिले तुमच्या हाताची सवय नाई."