आभाची पाठवणी आणि नवे कॅमशाफ्ट

आभाचं लग्न झालं की गाडीची किल्ली कौशिकला मिळणार, हे नानांनी साखरपुड्याच्या पंगतीतच जाहीर करून टाकलं होतं.

"माझे डोळे आता समोरच्या दिव्यांनी दिपतात, गुडघ्यांना क्लच सोसत नाही. बहिणीला नीट बबिन्याला पोचव, परत ये, किल्ली तुझी. पण एक सांगतो, गाडी आहे तशी ठेवायची. तिला काही करायचं नाही."

आहे तशी म्हणजे कशी, हे झाशीत लक्ष्मी गेटच्या त्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले जनार्दनराव मोघे, म्हणजे आभा-कौशिकचे वडील, आपले नाना, दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की इंजिन चालू करायचे आणि बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचे. थेंब सांडायचा नाही. मग नाना गल्लीकडे वळून म्हणायचे, "इसको बोलते हैं इंजन!" गाडी पांढरी, जुनी आणि स्वभावानं इतकी गरीब, की मागून हॉर्न मारणाऱ्या ऑटोवाल्यालाच नंतर ओशाळं व्हायचं.

कौशिकचं दुःख वेगळं होतं. एकदा मोठ गावाला जाताना, भर कानपूर रोडवर, भुशानं लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली त्यांना मागे टाकून गेली होती. नाना शांतपणे म्हणाले होते, "जाऊ दे, घाई असेल त्याला." पण कौशिकला ती ट्रॉली अजून स्वप्नात दिसायची, आणि स्वप्नातही ती पुढेच असायची.

म्हणून लग्नाच्या धामधुमीत, नाना हलवायाशी बुंदीवरून हुज्जत घालत असताना, त्यानं 'सर्व्हिसिंग'च्या नावाखाली गाडी इंद्रजीतच्या गॅरेजात नेली.

"टर्बो तो इसमें है नहीं, जो ठूँस-ठूँस के हवा भरे," इंद्रजीत म्हणाला. "बेचारी अपनी साँस पे चलती है. साँस बढ़ानी है तो कैमशाफ़्ट बदलो, भैया."

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर फिरणारा, अंगावर उंचवटे असलेला दांडा. या गाडीत असे दोन दांडे; त्यांच्या उंचवट्यांनी हवेची दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडतात. उंचवटे मोठे केले, की व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात आणि इंजिन छाती भरून श्वास घेतं. फक्त हा मोठा श्वास त्याला जोरात पळताना मानवतो. हळू चालायला सांगितलं की त्याला उचकी लागते. इंद्रजीतनं हेही सांगितलं होतं बरं का! "ऊपर जाके उड़ेगी. बस, धीरे में थोड़ा नखरा करेगी." पण कौशिकनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. दुसऱ्या वाक्यापर्यंत तो मनानं ट्रॉलीच्या पुढे निघून गेला होता.

दांड्यांची नवी जोडी बसली. हायवेवर गाडी अशी सुटली, की कौशिक एकटाच काच खाली करून ओरडला. गल्लीत शिरताना ती तीनदा बंद पडली, पण प्रेमात पडलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही. आता तुम्हीच सांगा, नवरीच्या गाडीला 'धीरे'शिवाय दुसरं काम काय असतं?

लग्न मराठी, त्यामुळे दिवसाउजेडी उरकलं. नवरामुलगा मंदार फौजेत, त्याचे वडीलही सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बबिन्याच्या छावणीशेजारीच त्यांचं घर होतं. पाठवणीच्या वेळी फुलांनी मढवलेली गाडी दारात उभी राहिली आणि नानांना व्याह्यांसमोर मिरवायची हुक्की आली.

"अगं, पेला आण पाण्याचा!" त्यांनी बायकोला, अनुसूयाबाईंना, हाक मारली. "सुभेदारसाहेब, आमचं इंजिन बघून घ्या. कौशिक, चालू कर."

कौशिकनं मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "नाना, उशीर होतोय..."

"चालू कर रे!"

गाडी चालू झाली आणि हुडहुडी भरल्यासारखी थरथरू लागली. पेला थोडा हिंदकळला. मग तो बॉनेटवरून हळूहळू चालायला लागला. सगळी गल्ली श्वास रोखून बघत होती. पेला कडेपर्यंत गेला आणि सुभेदारांच्या चकचकीत बुटांवर रिकामा झाला.

"पेट्रोल खराब असेल, नाना," कौशिक कसाबसा म्हणाला.

 नानांनी वाकून पेला उचलला, धोतराला पुसला आणि हातात धरून उभे राहिले. कौशिकला वाटलं, यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग नवरा-नवरीला मागे बसवून निघायची वेळ आली. नवरीच्या भावांनी गाडीला मागून चार पावलं धक्का द्यायचा, ही पद्धत इकडची, बुंदेलखंडातली. पण इतक्या पिढ्या इथे काढल्यावर मोघ्यांनीही ती आपलीशी केली होती. चुलतभाऊ पुढे झाले, धक्का दिला, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गाडी दोन हात पुढे गेली, उचकी दिली आणि बंद पडली. कौशिकनं पुन्हा चालू केली, पुन्हा उचकी. पुढे माणसांची गर्दी, वेग द्यायची सोय नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला बॅटरीनंही मान टाकली. चुलतभाऊ बिचारे ढकलतच राहिले.

"अहो, हे अजून ढकलतायत?" विहीणबाई विमलाबाईंनी विचारलं.

अनुसूयाबाईंनी डोळ्यांवरचा पदर सारखा केला. "आमच्याकडे तशी पद्धतच आहे. लेकीला गल्लीच्या तोंडापर्यंत हातानं पोचवायचं. यंत्राचा आवाजसुद्धा करायचा नाही."

"अगं बाई! किती छान!" विमलाबाईंचे डोळे भरून आले. "मंदार, खाली उतर. तूही हात लाव."

"आई, मी नवरा आहे!"

"मग? त्यांची पद्धत आहे ना?"

मुंडावळ्या मागे टाकून मंदार उतरला. त्याच्यामागून सुभेदार ओल्या बुटांनिशी पुढे आले आणि छावणीतल्या आवाजात गरजले, "एक साथ! ज़ोर लगा के!" वऱ्हाड म्हणालं, "हैय्या!"

आत मागच्या सीटवर आभा पदरात तोंड खुपसून गदगदत होती.

"दादा, खरं सांग, तू काय केलंस गाडीला?"

"गप्प बस आणि रड."

"मला हसू येतंय रे!"

"लोग देख रहे हैं, आभा! रड!"

एवढ्यात नाना खिडकीशी आले. पेला अजून हातातच होता. "दुसरा गिअर टाक," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी म्हणेन तेव्हा क्लच सोड, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढू नकोस. ...सोड!"

गाडी डरकाळी फोडून चालू झाली. मंदारनं धावत येऊन आत उडी घेतली आणि लक्ष्मी गेटची गल्ली मागे पडली. पुढचा रस्ता मोकळा होता. विमलाबाईंची गाडी बबिन्याला पोचेपर्यंत आभाचा चहा पिऊन झाला होता.

कौशिक परतला तेव्हा नाना ओट्यावर बसून होते. त्यांनी नुसता हात पुढे केला.

"नाना, जुने कॅमशाफ्ट इंद्रजीतकडेच आहेत. उद्याच परत..."

"किल्ली."

नाना एकटेच गाडी घेऊन गेले. आणि परत येईनात. फोन घरीच राहिला होता. कौशिकनं गॅरेजात फोन लावला. "नहीं भैया, यहाँ तो नहीं आए बाबूजी," इंद्रजीत म्हणाला. गाडी विकायला गेले असणार, कौशिकची खात्रीच झाली. आपल्या हातानं आपली गाडी घालवली आपण! त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी ओळखीची डरकाळी ऐकू आली. गाडी एकदाही बंद न पडता थेट दारात येऊन थांबली. नाना उतरले. डोक्यावरचे उरलेले केस उभे राहिलेले, हातात मटारचं पोतं.

"मोठला मटार ताजा मिळतो," ते म्हणाले.

"मोठला?" अनुसूयाबाईंनी कपाळावर हात मारला. "घरात लग्नाचं अन्न उतू जातंय, आणि तुम्ही मटार आणायला मोठला गेलात?"

नाना कौशिककडे वळले. "ती भुशाची ट्रॉली आठवते तुला?"

"...आठवते."

"आज एक दिसली. घाई होती त्याला." नानांनी उभ्या केसांवरून हात फिरवला. "मी नाही जाऊ दिलं."

कौशिकचा जीव भांड्यात पडला. म्हणजे ट्रॉली नानांच्याही मनात होती तर! तो लाडानं पुढे सरकला. "मग नाना, आता ती किल्ली..."

"किल्लीचं काय?"

"लग्नानंतर देणार होतात ना? तुमचे डोळे, गुडघे..."

"गुडघे बरे आहेत माझे." नानांनी किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून दोनदा थोपटली. "स्कूटरची किल्ली खुंटीला आहे, ती घे. पण एक सांगतो, स्कूटर आहे तशी ठेवायची. तिला काही करायचं नाही."