तांदळातला फोन

"वहिनी, बॅटरी फुगलीय. ह्यो चार्जिंगला लावायचा न्हाई, दाबायचा न्हाई, उबेला ठेवायचा न्हाई. हितंच ठेवून जा, उद्या नवी टाकून देतो," कामशेतचा मोबाईल दुरुस्तीवाला भिमाजी बजावून म्हणाला होता. रेणुकाने ते कानामागे टाकलं. फोनमध्ये अनघाचे जन्मापासूनचे फोटो होते, ते परक्याच्या हाती रात्रभर कसे सोडायचे? खरं तर रेणुका भित्री. सव्वा वर्षाच्या लेकीला द्राक्षाचे चार तुकडे करून भरवणारी. पण माणसाला एका वेळी एकाच गोष्टीची नीट भीती वाटते, आणि त्या दिवशी फोटोंची पाळी होती. वडिवळ्याला घरी येऊन तिने फोन कपाटाच्या वरच्या खणात टाकला आणि वापरायला दुसरा घेतला.

तीन आठवड्यांनी तिने खण उघडला, तर फोन नाही. आणि मोरीत एक कोरा करकरीत गुलाबी टब.

"आत्या, हा टब कुठून आला?"

"धोंडाबाई आलती ना, जुन्या मोबाईलवर टब देणारी," सासूबाई, म्हणजे सरूबाई, खुशीत म्हणाल्या. "बंद मोबाईल दिला, टब घेतला. पोरीला अंघोळीला झाला."

ती फुगलेली बॅटरी आता धोंडाबाईच्या डोक्यावर, पाटीत, भर उन्हात! वाटेत पेटली तर? अनघाला सुरक्षित घरी, आजीजवळ ठेवून ती धावत सुटली. फाट्यावर नथूभाऊंची रिक्षा मिळाली.

"भाऊ, लवकर! धोंडाबाईच्या डोक्यावर बॉम्ब हाय!" घाबरली की तिची कॉलेजातली भाषा गळून पडायची.

धोंडाबाई नाणे रोडला झाडाखाली भाकरी खात बसली होती. तिने शांतपणे पाटीतून एक मोबाईल काढला. "ह्यो बघ तुझ्या सासूचा."

तो बटणांचा होता. सासऱ्यांचा, चार वर्षं बंद पडलेला.

"मग माझा?"

"मला काय म्हाईत? घरी इचार की."

रेणुकाने आपल्या दुसऱ्या मोबाईलवरून घरच्या लँडलाइनवर फोन लावला.

"आत्या, खणातला माझा मोबाईल कुठंय?"

"त्यो व्हय? त्यो तांदळात हाय."

"तांदळात?"

"अगं, फुगलावता. फुगला म्हंजी पाणी पिला. तांदळात घातला की तांदूळ पाणी वढून घेत्यात. चार दिस झालं, अजून फुगलेलाच. लयच पिलाय. म्हून डबा चुलीपाशी सरकवलाय, उबेला."

"आणि अनघा?"

"डब्यावर बसलीय. लय खूश हाय, टाचा वाजवतीय."

पुढे रेणुका काय ओरडली ते तिला आठवत नाही. नथूभाऊ सांगतात की रस्त्यावरच्या म्हशी बाजूला झाल्या. रिक्षा पोचली तेव्हा अनघा अंगणात पोचवलेली होती आणि सरूबाई चुलीवर पाणी ओतून हिरमुसल्या होत्या. नथूभाऊंनी उलथन्याने अलगद फोन काढला आणि वाळूच्या घमेल्यात ठेवला. घमेलं मागच्या सीटवर एकटंच बसून कामशेतला गेलं. रेणुका पुढे नथूभाऊंच्या शेजारी अंग चोरून बसली.

भिमाजीने हातमोजे घालून बॅटरी काढली, रिसायकलिंगला पाठवायच्या वेगळ्या डब्यात टाकली आणि नवी बसवली. फोन सुरू झाला. फोटो सगळे जागच्या जागी. रेणुकाने ते आपल्या दुसऱ्या फोनमध्ये उतरवून घेतले आणि फोन सासूबाईंना देऊन टाकला. चांगला चालणारा फोन पुन्हा खणात कशाला कोंडायचा?

सरूबाईंनी तो भजनी मंडळात फिरवला. "चार दिस तांदळात, एक दिस चुलीपाशी," त्या सांगू लागल्या. "टुमटुमीत फुगलावता. बघा कसा चपटा झाला!" रेणुकाने बॅटरीचं सांगून पाहिलं. बायका तिच्याकडे बघून मायेने हसल्या आणि तांदूळ जुना हवा की नवा, ते सरूबाईंना विचारू लागल्या. त्या मंडळात दर गुरुवारी मावळातल्या सात गावांच्या बायका येतात.

तेव्हा रेणुकाचं एवढं ऐका. तुमची आई, आजी, मावशी मावळात राहत असेल, तर आत्ताच तिला फोन लावा. उचलला तर बरंच आहे. नाही उचलला, तर तडक घरी जा आणि आधी चुलीकडे बघा.