लालाभाईंचा अडीच तोळ्यांचा पैलवान

बेलापूरच्या पेठेत पोपटशेठ सोनारांचं दुकान आहे. तिथं दर शनिवारी सकाळी साडेदहाला एक सडपातळ म्हातारा येतो, काखेतली प्लास्टिकची, भोकं पाडलेली डबी काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "शेठ, काटा पुसून घ्या." शेठ मुकाट्यानं काटा पुसतात. घटकाभरापूर्वी ज्या काट्यावर कुणाच्या लग्नाची बोरमाळ तोलली, त्यावर आता डबीत बसलेला एक जिवंत सरडा चढतो. म्हातारा श्वास रोखून आकडा बघतो, डबीचं वजन वजा करतो, डायरीत लिहितो. बाहेर पडताना मी कुठं दिसलेच, तर रस्त्यापलीकडून खणखणीत आवाजात सांगतो, "बाई! तीन तोळं दोन ग्राम!"

सगळी पेठ माझ्याकडे वळून बघते. अंगणवाडीच्या पगारात या बाईनं तीन तोळे कसे काय केले, हे प्रत्येकाच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं असतं. मी आपली पिशवी सावरत पुढं चालू लागते.

हे आमचे शेजारी लालाभाई. आमची भिंतीला भिंत लागून आहे आणि बावीस वर्षांत ती भिंत मला पुरेशी जाड कधीच वाटलेली नाही. मी अंगणवाडीत काम करते म्हणून गावाची मी 'बाई', तशीच त्यांचीही. लालाभाईंनी पस्तीस वर्षं श्रीरामपूरकडच्या एका पोल्ट्रीत कोंबडीची पिल्लं वाढवली. एका दिवसाचं पिल्लू हातात आलं की ते जगवायचं, हेच काम. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, त्यांच्या बायकोला जाऊन चार. पण पोल्ट्री काही त्यांच्या अंगातून गेली नाही.

आता हेच बघा. त्यांच्या घरात पाऊल टाकायचं तर उंबऱ्याशी ठेवलेल्या चुन्याच्या घमेल्यात आधी दोन्ही चपला बुडवायच्या. बाहेरचा रोग शेडमध्ये जायला नको. अहो, शेड कुठलं? घरात हा एकटा माणूस! पण नियम म्हणजे नियम. ग्रामपंचायतीची मतं मागायला आलेल्या दोन्ही पॅनेलना त्यांनी चुन्यात उभं केलं होतं. आमचे हे त्यांच्याकडे रोज पेपर वाचायला जातात आणि परत येताना आमच्या धुतलेल्या फरशीवर पांढरी पावलं उमटवत येतात. ती मीच पुसते.

आणि तोंडात सदा एकच वाक्य, "जित्राबाला इचारा." म्हैस दूध देत नाही, जित्राबाला इचारा. कुत्रं भुंकतंय, जित्राबाला इचारा. एकदा माझ्या अंगणवाडीतलं एक पोरगं तीन दिवस खिचडीला शिवेना. मी गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, शेवटी रागावले. लालाभाई दारातून जाताना नुसते थबकले आणि म्हणाले, "कोपऱ्यात गोळा हून बसलंय न्हवं? थंडी वाजतीय त्याला. ऊब द्या, मंग खाईल." स्वेटर घातला आणि पोरानं ताट चाटून पुसून खाल्लं. त्या दिवशी मला लालाभाईंचा फार राग आला.

तर सरडा. लालाभाईंचा मुलगा पुण्यात असतो. त्याची मुलगी जोया, दहा वर्षांची. वाढदिवसाला तिनं हट्ट करून हे पिल्लू घेतलं. ऑस्ट्रेलियाकडचा दाढीवाला सरडा, बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. त्याला खायला जिवंत रातकिडे लागतात. एके दिवशी रातकिड्यांचा डबा स्वयंपाकघरात उपडा झाला. पुढे आठ दिवस जोयाची आई कणकेचा डबा उघडायची तर आधी पळायच्या तयारीत उभी राहायची. नवव्या दिवशी तिनं सांगितलं, या घरात एक तर तो राहील नाही तर मी. मुलगा काचेची पेटी गाडीत घालून थेट बेलापूरला आला.

मी तेव्हा तिथंच होते, चपला चुन्यात. पेटीत वीतभर, मातकट रंगाचं, काटेरी मानेचं काहीतरी होतं आणि ते माझ्याकडेच बघत होतं. मला साधी पाल दिसली तरी मी पलंगावर चढते.

"हे काय हाय?" लालाभाईंनी विचारलं.

"दाढीवाला सरडा, अब्बा. जोयाचा आहे. सांभाळाल का?"

लालाभाईंनी स्वतःच्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला. "दाढी हाय व्हय? मंग जमंल."

जोयानं पिल्लाला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. लालाभाईंनी ते एकदा ऐकून घेतलं आणि त्याला 'पैलवान' म्हणायला लागले. पहिल्याच शनिवारी पैलवान अडीच तोळे भरला. गावात बोंब झाली की लालाभाईंनी घोरपड पाळली, आता जंगल खात्याचे लोक येऊन उचलून नेणार. मुलानं रीतसर नोंदणी केली होती. लालाभाईंनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून दाराला लावला, तेव्हा कुठं बोंब थांबली.

पैलवानाची एक लकब होती. कुणी समोर आलं की तो पुढचा एक पाय उचलायचा आणि हवेत सावकाश गोल फिरवायचा. लहानपणी हे सरडे असं करतात म्हणे, 'मी लहान आहे, मला काही करू नका' एवढाच त्याचा अर्थ. लालाभाईंनी तो सलाम धरला. पैलवानानं पाय उचलला की हातातलं काम टाकून ते छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "वालेकुम सलाम." दिवसातून चाळीस वेळा. भिंतीपलीकडून मला वाटायचं, यांच्याकडे केवढे पाहुणे येतायत!

पण पैलवान खाईना.

लालाभाईंनी त्याची व्यवस्था अगदी एका दिवसाच्या पिल्लासारखी लावली होती. खाली भाताचं तूस, वर तापलेला बल्ब, कडेला पुठ्ठ्याचं कुंपण, वाटीत कोंबडीच्या पिल्लांचं भरडलेलं खाद्य. पैलवानानं त्या खाद्याकडे बघून डोळे मिटले. मग रातकिडे आणले, शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून ठेवला, लसूणघास ठेवला, लाल भोपळा किसून ठेवला. छे! शनिवारी पोपटशेठचा काटा दोन तोळे तीन ग्रामवर थांबला. शेठनी काटा दोनदा पुसून परत तोलून दिला, तरी तेवढंच.

जोया एरवी आजोबांना फोन करायची ती दोन्ही ईदला. 'सलाम दादा, कसे आहात, बरं आहे, ठेवते.' आता तिचा रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल यायला लागला. लालाभाई पावणेसहापासून सदरा बदलून बसायचे. आजोबा-नातीचं बोलणं त्यांच्या घरच्या बोलीत चालतं, मी आपलं मराठीत सांगते.

"दादा, खाल्लं?"

"न्हाई बेटा."

"एक पण नाही?"

"एकाकडं बघितलं. पर मनापासून न्हाई."

फोन ठेवला की लालाभाईंचं तोंड एवढंसं व्हायचं. "बाई, पोरीनं इस्वासानं दिलंय. त्याला कायबी झालं तर मी कुठल्या तोंडानं तिच्याशी बोलू? लाखानं पिल्लं वाढवली वो या हातांनी. हे एक जगना!" एक दिवस त्यांनी स्वतःचं जेवणही पैलवानाच्या पेटीशेजारी बसून घेतलं, का तर बघून तरी खाईल. पैलवानानं त्यांना सलाम केला आणि झोपला.

घोटाळा कुठं होता, ते जोयानं पकडलं. त्या संध्याकाळी मी तिथंच होते आणि लालाभाईंनी फोन पेटीसमोर धरला होता. पैलवान बल्बखालच्या दगडावर चढला, अंग पसरलं आणि त्यानं हळूच तोंड उघडलं. लगेच लालाभाईंनी सराईत हातानं दोरी ओढून बल्ब वीतभर वर घेतला.

"दादा! काय केलंत?"

"तोंड वासलं न्हवं त्यानं. गरमी झाली. पिल्लानं चोच उघडली की बल्ब वर घ्यायचा, न्हाईतर सकाळपर्यंत शेड साफ."

"अहो दादा, तो कोंबडी नाहीये! त्याला छान ऊब लागली की तो तोंड उघडतो! म्हणजे त्याला बरं वाटतंय! तुम्ही रोज बल्ब वर घेता?"

रोज काय, लालाभाई दिवसातून दहादा घेत होते. बिचारं पिल्लू दगडावर चढून ऊब घ्यायला बघत होतं आणि हा अनुभवी माणूस मोठ्या मायेनं त्याला गारठवत होता. गारठलेला सरडा खाणार कसा? खाल्लेलं पचायला त्याला अंग तापवावं लागतं.

"आणि ते खालचं तूस काढा, पोटात गेलं तर अडकेल. कागद घाला. आणि किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा द्यायचा नाही. आणि सकाळचं ऊन दाखवा. कळलं का?"

"व्हय बेटा. व्हय." पस्तीस वर्षांचा अनुभव खाली मान घालून उभा होता. मला, खरं सांगते, मनातून गुदगुल्या झाल्या. मी म्हटलंच, "लालाभाई, जित्राबाला विचारलं नव्हतं का?"

ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. त्याच दोन दिवसांत त्यांनी बल्ब खाली घेतला, पैलवानानं तोंड उघडलं आणि लालाभाई स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसून राहिले. दोरीला हात जाऊ नये म्हणून! तासाभरानं त्यांनी रातकिडा सोडला. पैलवानाची जीभ बाहेर आली आणि रातकिडा गेला. एक, दोन, पाच, नऊ! लालाभाई अबोला विसरून गल्लीत धावत आले. "बाई! नऊ खाल्लं! नऊ!" मीही पोळी तव्यावर टाकून पळत गेले, चपला चुन्यात बुडवून आत शिरले आणि दहावा किडा त्यानं गिळला तेव्हा चक्क टाळ्या वाजवल्या. पाल बघून पलंगावर चढणारी मी!

मग काय विचारता! पुण्याहून येणारे रातकिडे पुरेनात, तेव्हा लालाभाईंनी जुनी विद्या काढली. मडक्यात शेण आणि ज्वारीची धाटं भरायची, पाणी शिंपडायचं आणि बांधावर मडकं पालथं घालून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी आत वाळवी भरलेली असते. पूर्वी कोंबडीच्या पिल्लांना अशीच द्यायचे. गल्लीतले सगळे आपापल्या घरची वाळवी दाखवायला त्यांना बोलावू लागले. माझ्या माहेरच्या कपाटाची चौकट अशीच पैलवानाच्या पोटात गेली. तीन तोळे झाले, चार झाले, रंग उजळला, मानेचे काटे टोकदार झाले.

आणि फोन कमी झाला.

साहजिकच होतं. पिल्लू खातंय, वाढतंय, पोरीची काळजी मिटली. रोजचा फोन एक दिवसाआड आला, मग आठवड्यानं. लालाभाई मात्र पावणेसहाला सदरा बदलतच होते. मी कपडे वाळत घालताना बघायची, फोन मांडीवर आणि नजर फोनवर.

पुढच्या महिन्यात फोन पुन्हा रोज यायला लागला. मला बरं वाटलं. फार विचार केला नाही मी. एका शनिवारी सकाळी पेठेत "बाई! सहा तोळं एक ग्राम!" ऐकलं. त्याच संध्याकाळी शेवग्याच्या शेंगा द्यायला त्यांच्याकडे गेले. चुन्यात उभी होते तेवढ्यात आतून, फोनमध्ये पेटी दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसलेल्या लालाभाईंचा आवाज आला.

"चार तोळं भरलं बेटा. घटलंय. तोंडच लावत न्हाई."

फोन संपायची मी वाट बघितली आणि मग आत गेले ती तरातराच. "लालाभाई, शोभतं का हो या वयात? ती पोर तिकडे रडत असेल!"

त्यांनी मान वर केली नाही. "रडत न्हाई. मला शिकवती. हे करा, ते करा म्हनती. लई दम देती, बाई. तिची आजी द्यायची तसा." मग म्हणाले, "खाल्लं म्हनलं की 'बरं' म्हनती आन ठिवती. न्हाई खाल्लं म्हनलं की अर्धा तास बोलती."

मी नुसतीच त्यांच्यासमोर बसले. शेंगा हातातच राहिल्या. या माणसाला मी बावीस वर्षं हसत आले होते आणि भिंत पुरेशी जाड नाही म्हणून कुरकुरत होते. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन परत वाजला, या खेपेला साधाच, व्हिडिओ नाही. जोयाच होती. "दादा, शेजारच्या काकू आहेत का तिथं? त्यांना द्या." लालाभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की बस. मी फोन घेतला.

"काकू, खरं सांगा हं. दादा नीट देतात ना? खरंच खात नाही तो?"

मी पेटीकडे बघितलं. पैलवान दगडावर ऐसपैस पसरला होता. पोट दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं आणि तोंडातून रातकिड्याची एक तंगडी लोंबत होती.

अंगणवाडीत मी एका पोराचं वजन कधी खोटं लिहिलेलं नाही. त्यावरून साहेबांशी भांडलेय मी.

"नाही गं बाई," मी म्हटलं, "शिवतसुद्धा नाही कशाला."

ती लगेच म्हणाली, "मग आता मीच येते. अब्बूंना सांगते, पुढच्या शनिवारी सोडा मला. चार दिवस राहून बघते त्याच्याकडे. दादांना सांगा."

फोन स्पीकरवर होता. लालाभाईंनी तो माझ्या हातातून घेतला, तळहातानं घट्ट झाकला आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "बाई, पोरगी चार दिस राहायला येतीय. तिला खायला काय आवडतं, तुमाला ठावं हाय का? मला न्हाई ठावं."

"मला कसं ठाऊक असणार? तिलाच विचारा की!"

ते लाजले. खरंच लाजले. मग तळहात काढला, घसा खाकरला आणि विचारलं. पलीकडून जोया जी सुरू झाली ती थांबेचना. लालाभाई फोन दोन्ही हातांनी धरून, मान डोलावत ऐकत होते. मधेच तिनं दम घेतला, तर हे घाईघाईनं म्हणाले, "व्हय… व्हय… आन अजून काय?"