सावळारामांची आरामखुर्ची

होळीच्या दिवशी दुपारी सावळारामांची आरामखुर्ची ओट्यावरून गायब झाली, आणि त्यांची सून माधवी मनातून खूश झाली.

माधवी वडपे गावातल्या एका पुस्तकांच्या गोडाउनमध्ये पॅकिंगला होती. कोपरे दुमडलेली पुस्तकं कामगारांना फुकट मिळत. माधवी त्यातून नेमक्या हलक्याफुलक्या रहस्यकथा उचलून आणी. त्यांत खून होई, पण रक्ताचा थेंब दिसत नसे. एखादी आजीबाई केक भाजता भाजता तपास करी, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून गुन्हेगाराचं नाव सांगे. जेवणं झाली की माधवी मोठ्यानं वाची. सासूबाई गोदूबाई लसूण सोलत ऐकत. सावळारामांना तर असा नाद लागला की ते दिवसभर पुस्तक घेऊन खुर्चीत पडलेले असत. मोरीचा नळ दिवाळीपासून गळत होता.

"पोरांनी नेली असंल," सावळाराम कासावीस होऊन म्हणाले. "होळीला लाकडं चोरतातच. चल, मैदानात बघू. एकदा होळीवर चढली का उतरवत न्हाय. माज्या बापाची खुर्ची हाय ती!"

"बाबा, थांबा. आज लाकडी वस्तू गेली की पहिला संशय कोणावर? पोरांवर. म्हणजे पोरं नक्कीच नाहीत."

सावळारामांनीही तीच पुस्तकं वाचली असल्यामुळे त्यांना हे ताबडतोब पटलं.

माधवीनं सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. गोदूबाईंनी चहा ठेवला.

"माझ्या घरात माणसं मावत नाहीत, खुर्ची कुठे ठेवू?" शेजारची रूपा म्हणाली.

"मी ड्युटीवर होतो," माधवीचा नवरा धनेश म्हणाला. "गेटवर पंच केलाय."

"पुरावा जरा जास्तच पक्का आहे," माधवीनं डोळे बारीक केले.

तेवढ्यात होळीच्या पोरांचा म्होरक्या भरत दारात आला. "वयनी, खरं सांगू का? खुर्ची आमीच नेली. आता चढवतायत, काकांना पायजे तं..."

"गप बस! इतक्या लवकर कबुली देणारा कधीच गुन्हेगार नसतो. तू कोणाला तरी वाचवतोयस."

भरतनं एकदा गोदूबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गोदूबाईंनी त्याच्याही हातात कप दिला.

धनेशची उलटतपासणी तिसऱ्या चहापर्यंत चालली. मग मैदानातून बोंब ऐकू आली. सगळे धावले. होळी पेटली होती, आणि अगदी वर, दोन्ही हात पसरून, सावळारामांच्या बापाची खुर्ची जळत होती.

सावळाराम मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून गोदूबाईंना राहवलं नाही.

"मीच दिली," त्या म्हणाल्या. "पोरं मागाया आलीच नव्हती. मीच बोलावली. चार महिने मानूस त्या खुर्चीतून उठला न्हाय."

"आई, तुम्ही?" माधवी थक्क झाली. "तुम्ही तर सगळ्यांना चहा देत होतात!"

"तुज्याच पुस्तकांत ऐकलंय. चाय देनारीवर कुनी संशय घेत न्हाय."

माधवीचा चेहरा उजळला. "बाबा, बघा! पोरांनी चोरली नव्हतीच. मी म्हटलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी सगळं गाव रंग खेळत होतं, तेव्हा सावळाराम मोरीत पाटावर बसून नळ दुरुस्त करत होते. काम संपताच गोदूबाईंनी पाटही उचलून आत ठेवला.