दोन साक्षीदारांची रोजनिशी

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर उद्धवरावांनी तेलंगणातल्या नेरडीगोंड्यात आपल्या घराचीच कचेरी करून टाकली. दूध उशिरा आलं की जबाब, पापड करपला की चौकशी. शेवटी मराठी शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या सुनेनं, शीतलनं, एक कोरी जाडजूड वही आणून त्यांच्या हातात ठेवली.

"मामाजी, रोजनिशी लिहीत जा. मनात येईल ते सारं हिच्यात उतरवा."

"रोजनिशी म्हंजे?"

"रोजचं लिहिणं. दैनंदिनी म्हणा, डायरी म्हणा, जुन्या लोकांची वासरी म्हणा. तुमच्या कचेरीतला रोजनामचाच, पण घरचा. आपला आपण लिहायचा."

उद्धवरावांना सगळे शब्द कळले. पण जन्मभर त्यांनी पंचनामे लिहिले होते. कचेरीत तेलुगूत आणि घरी मराठीत, एवढाच काय तो फरक. खाली दोन साक्षीदारांची सही नसलेला कागद त्यांच्या लेखी रद्दीच होता.

त्याच दुपारी पहिली नोंद झाली. 'आज रोजी जेवणात वांग्याच्या भाजीस मीठ जास्त आढळून आले. भाजी करणार रेणुकाबाई, नाते पत्नी. तक्रार नाही.' नोंद करून ते वही घेऊन शेजारच्या मनकर्णाबाईंकडे गेले.

"वहिनी, इथी दस्तखत करा."

मनकर्णाबाईंनी वाचलं. "मी भाजी चाखलीच नाई भाऊजी, तं गवाही कशी देऊ?"

"मंग चाखून घ्या. मी थांबतो."

मनकर्णाबाई वाटी घेऊन मागच्या दारानं गेल्या. रेणुकाबाईंनी कौतुकानं वाटी भरून दिली. मनकर्णाबाईंनी चाखली, पाणी प्याल्या आणि सही ठोकली. उरलेली भाजी किराणा दुकानदार संतोषनं चाखली आणि दुसरी सही झाली. दिवेलागणीपर्यंत मीठ साऱ्या गल्लीत पसरलं.

दुसऱ्या दिवशी संतोष डोकं खाजवत दारात उभा. मारुतीच्या भंडाऱ्याची सगळी व्यवस्था त्याच्याकडे असे, आणि भंडाऱ्याची वांग्याची भाजी दरवर्षी रेणुकाबाईंच्या हातची. त्या कढईजवळ दुसरं कोणी फिरकायची सोय नव्हती.

"काकू, औंदा निर्मलहून आचारी बोलवाव म्हणून राह्यलो. तुमाले तरास कायले?"

"काऊन? काय झालं?"

"नाई, थे वहीत लिवून हाय ना. दोन गवाह हायेत. त्यातला एक मीच हाओ."

रेणुकाबाईंनी पळी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. "पुरं गाव माया हातचं खाते," त्या शीतलला म्हणाल्या, "आन् माया घरचा मानूस पंच बशिवते."

शीतल तडक बाहेर ओट्यावर गेली. "मामाजी, रोजनिशी कोणाला दाखवत नसतात!"

"दाखवाचीच नाई तं लिवाची कायले?"

"ते पान आधी फाडा."

"दोन सह्याचा कागद फाडू? नोकरी जाईन माई!"

"नोकरी संपली तुमची."

"पेन्शन तं चालू हाय ना!"

पण रेणुकाबाईंचे डोळे त्यांनीही पाहिले होते. त्यांनी कायदेशीर वाट काढली: फेरतपासणी. दुसऱ्या दिवशी ताजी भाजी झाली आणि साक्षीदारांना बोलावणं गेलं. आपल्याला काऊन नाही बोलावलं म्हणून रुसलेली माणसंही आली. गल्लीतला पंकज तर घरूनच ताट घेऊन आला. अंगणात पंगत बसली.

"मीठ बराबर हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"एकदा चाखून मी सई करत नसतो," म्हणत संतोषनं पुन्हा वाढून घेतलं, आणि बोटं चाटतच आचाऱ्याला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं.

उद्धवरावांची पाळी येईस्तोवर पातेलं पुसून निघालं होतं. ते ठेच्याशी भाकर खाऊन उठले आणि त्यांनी लिहिलं, 'फेरतपासणीत मीठ बरोबर आढळले. आधीची नोंद रद्द.' साऱ्यांच्या सह्या घेऊन त्यांनी वही बायकोपुढे धरली. कढई परत मिळाली होती. आता ती हसेल असं त्यांना वाटलं.

रेणुकाबाई हसल्या नाहीत. "एक दिवस मीठ जास्त झालं, थे लिवलं. एवढे सालं जेवले, थे कुठी लिवून हाय?"

तक्रार नसेल तर नोंद करायची नाही, हीच उद्धवरावांची सवय होती. त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते पेन घेऊन ओट्यावर बसले. मग 'आज रोजी' न घालता त्यांनी लिहिलं, 'रेणुकाच्या हातची भाजी मला आवडते. लग्न झालं तेव्हापासून आवडते. सांगायचं राहून गेलं.' वही रेणुकाबाईंच्या पुढ्यात उघडी ठेवून ते आत जाऊन पडले. सहीसाठी कोणाच्या दारी गेले नाहीत.

शीतलला हायसं वाटलं. रोजनिशी म्हणजे काय ते मामाजींना एकदाचं कळलं होतं. ती वही उचलून ठेवायला गेली, तर वही जागेवर नव्हती आणि सासूबाईही घरात नव्हत्या.

तिनं खिडकीतून पाहिलं. डोक्यावर नीट पदर घेऊन, वही काखेत मारून रेणुकाबाई शेजारच्या दारात उभ्या होत्या.

"मनकर्णा, बाहीर ये व जराशी. दस्तखत पाह्यजे."