साहेबांचा धूर

"युसूफ, कपातला चहा गार व्हायच्या आत हा अख्खा रणगाडा दिसेनासा होईल," गोपाळकृष्ण साहेब म्हणाले.

साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर युसूफ. त्यानं मान डोलावली. पासष्टची लढाई नुकतीच झाली होती. रणगाडा लपवणारा धूर साहेब वर्षानुवर्षं फळ्यावर तयार करत होते. प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत त्या धुरानं लोखंडी कपाट असं गायब केलं, की साहेब स्वतःच त्याला धडकले. कपाळावरचं टेंगूळ ते आठवडाभर पदकासारखं मिरवत होते.

आज मात्र लोणी काळभोरच्या पुढच्या माळावर खरा रणगाडा होता आणि बघायला ब्रिगेडियर. जमलं नाही तर विभाग बंद आणि युसूफची बदली जबलपूरला. घरी हुस्नबानू नवी नवरी. सकाळी डबा देताना म्हणाली होती, "जबलपूरला मी यायची नाही. तिथं माझं आहे कोण?"

"मी असेन की."

"तेच म्हणतेय."

संध्याकाळ झाली होती. मंडपात ब्रिगेडियर डास मारून मारून लाल झाले होते. साहेबांनी हात खाली केला, युसूफनं जीपवरचं यंत्र सुरू केलं. पांढराशुभ्र धूर निघाला, रणगाड्याकडे दोन पावलं गेला, थबकला आणि रुसलेल्या जावयासारखा मागे वळला. मंडप, खुर्च्या, समोसे, ब्रिगेडियर, सगळं गडप.

आतून आवाज आला, "मला माझा हात दिसत नाहीये."

"तत्त्व बरोबर आहे, सर," दुसऱ्या कोपऱ्यातून साहेब खोकले.

"आणि रणगाडा?"

धुराबाहेर एकटा युसूफ. खोटं बोलायला जीभ वळेना. "दिसतोय, सर. त्याच्यावरचा नंबरसुद्धा वाचता येतोय."

"गणितात वारा किती धरला होता?"

"शून्य," साहेब हळूच म्हणाले. "म्हणजे गणित सुटसुटीत होतं."

धूर निवळला. साहेबांचा चेहरा उतरला होता. युसूफला डोळ्यांपुढे जबलपूर स्टेशन दिसू लागलं. ब्रिगेडियर मात्र आपला दंड निरखत होते.

"मघापासून एकही डास चावला नाही," ते म्हणाले.

विभाग बंद झाला, पण यंत्र आणि युसूफ पुण्यातच राहिले. पुढं कितीतरी वर्षं लष्कराच्या वसाहतीत संध्याकाळी त्याची जीप धूर सोडत फिरायची. बायका खिडक्या लावून घ्यायच्या, पोरं ओरडत मागं धावायची. युसूफ घरी आला की हुस्नबानू नाकाला पदर लावायची. "जबलपूरला गेला असतात, तर निदान वास तरी आला नसता."

कोपऱ्यावरच्या बंगल्यात साहेब राहत. निवृत्त झाले तरी जीपचा आवाज आला की गॅलरीत यायचे.

"डास गेले का रे, युसूफ?"

"गेले, साहेब."

"कुठं?"

"वारा तुमच्या घराकडं आहे, साहेब."

साहेबांनी दंडावर एक चापट मारली, तळहात निरखून पाहिला.

"तत्त्व," ते म्हणाले, "बरोबर आहे."